दीर्घिका एकमेकींत मिसळल्या खऱ्या, पण तेव्हा वायू किती होता?

प्रश्न असा आहे: "दोन सर्पिल दीर्घिका एकमेकींत मिसळल्या की लंबवर्तुळाकार दीर्घिका तयार होते, असं सगळीकडे वाचायला मिळतं. मग सगळ्या लंबवर्तुळाकार दीर्घिका अशाच बनल्या का? आणि आज एखादीकडे पाहून तिचा हा इतिहास ओळखता येतो का?"

इतिहास बराचसा ओळखता येतो. मात्र "विलीनीकरण झालं होतं का" एवढंच विचारून फारसं हाती लागत नाही, कारण ते बहुतेक सगळ्यांचंच कधी ना कधी झालेलं असतं. माझ्या मते खरा प्रश्न वायूचा आहे. शेवटच्या मोठ्या विलीनीकरणात दोघींकडे मिळून वायू किती होता, यावर दीर्घिकेचा गाभा कसा असेल, ती फिरेल की नाही, तिचे समप्रकाश वक्र (सारख्या तेजाचे बिंदू जोडणाऱ्या रेषा) टोकदार असतील की चौकोनी, हे बरंचसं ठरतं. आणि तिचा बाहेरचा भाग बहुतेक वेळा आतल्यापेक्षा वेगळीच हकीकत सांगत असतो. हे दोन मुद्दे धरून पुढे जातो.

आधी एक गैरसमज बाजूला करू. दीर्घिकांच्या टकरीत तारे एकमेकांवर आदळत नाहीत. ताऱ्यांच्या आकाराच्या मानाने त्यांच्यामधली अंतरं इतकी प्रचंड असतात की अब्जावधी तारे आरपार निघून जातात. मग दोन दीर्घिका एक होतात कशा? याचं मूळ सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्या १९४३ च्या कामात आहे. जड वस्तू ताऱ्यांच्या गर्दीतून जाताना तिच्या मागे ताऱ्यांची दाटी होते, ती दाटी तिला मागे ओढते आणि वेग कमी होत जातो. याला गतिकीय घर्षण म्हणतात. दीर्घिकांभोवतीचं कृष्णद्रव्यही (न दिसणारं, फक्त गुरुत्वाकर्षणातून जाणवणारं द्रव्य) हेच काम करतं, आणि ते कितीतरी जास्त असल्याने जोरात करतं. कक्षेतली ऊर्जा अशी ताऱ्यांच्या आणि कृष्णद्रव्याच्या अंतर्गत हालचालीत जिरते आणि एक-दोन फेऱ्यांत दोघी एकमेकींत बुडतात.

अलार आणि युरी तूम्रे या भावांनी १९७२ मध्ये संगणकावर फार साधी गणितं करून दाखवलं की हस्त तारकासमूहातली 'अँटेना' जोडी (एनजीसी ४०३८ आणि ४०३९) आणि अरुंधती केशातली 'माइस' जोडी यांच्या लांबलचक शेपट्या निव्वळ गुरुत्वाकर्षणाच्या भरती-ओहोटीतून निर्माण होतात. पाच वर्षांनी अलार तूम्रे यांनी विलीनीकरणाच्या वेगवेगळ्या टप्प्यांवरच्या अकरा दीर्घिका ओळीने मांडल्या आणि या ओळीच्या शेवटी लंबवर्तुळाकार दीर्घिका असावी, असं सुचवलं. तेव्हा अनेकांना ते पटलं नव्हतं. पण त्या ओळीतल्या शेवटच्या टप्प्यावरची, कुंभ राशीतली एनजीसी ७२५२ फ्रांस्वा श्वाइत्सर यांनी १९८२ मध्ये बारकाईने मोजली. तिला अजून दोन शेपट्या आहेत, म्हणजे ती दोन चकत्यांपासून, अर्थात दोन सपाट सर्पिल दीर्घिकांपासून बनली हे उघड आहे. तरीही तिच्या मुख्य भागाचा प्रकाश केंद्रापासून बाहेर ज्या रीतीने मंदावतो, ती रीत तंतोतंत लंबवर्तुळाकार दीर्घिकांची निघाली. द व्होकुलूर यांनी १९४८ मध्ये दिलेला, त्रिज्येच्या एक चतुर्थांश घातांकाचा तो नियम.

हा नियम येतो कुठून? विलीनीकरण चालू असताना एकूण गुरुत्वाकर्षण क्षेत्रच झपाट्याने बदलत असतं. अशा बदलत्या क्षेत्रात कुठल्याही ताऱ्याची ऊर्जा स्थिर राहत नाही. कुणी ऊर्जा कमावतो, कुणी गमावतो. डोनाल्ड लिंडन-बेल यांनी १९६७ मध्ये या प्रक्रियेचं गणित मांडलं आणि तिला 'व्हायोलंट रिलॅक्सेशन' हे नाव दिलं. चकतीतली नीटस वर्तुळाकार भ्रमणं मोडतात आणि काही कोटी ते अब्जभर वर्षांत तारे वाटेल त्या दिशेने फिरणारी एक फुगीर रचना उभी राहते. पण विस्कटणं पूर्ण होत नाही. मूळ दीर्घिकेत जे तारे केंद्राशी घट्ट बांधलेले होते, ते नव्या दीर्घिकेतही साधारण आतच राहतात. आपण आज जुन्या इतिहासाबद्दल काही बोलू शकतो, ते या अपुरेपणामुळेच.

इथपर्यंत पाठ्यपुस्तकांत असतं. अडचण पुढे आहे, आणि मला ती या विषयातली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते.

लंबवर्तुळाकार दीर्घिकांची केंद्रं फार दाट असतात. सर्पिल दीर्घिकांच्या चकत्या त्या मानाने अगदी विरळ. फक्त ताऱ्यांचाच विचार केला, तर स्थान आणि वेग यांच्या एकत्रित अवकाशातली घनता मिसळण्याने कमी होऊ शकते, वाढू शकत नाही. हा सैद्धांतिक नियम आहे. त्यातून पळवाट नाही. म्हणजे दोन विरळ चकत्या कितीही मिसळल्या तरी एवढा दाट गाभा तयार होणार नाही. १९८० च्या दशकात विलीनीकरणाच्या कल्पनेवरचा हा सर्वांत बळकट आक्षेप होता आणि तो पूर्णपणे रास्त होता.

उत्तर वायूने दिलं. ताऱ्यांचे लोंढे एकमेकांतून निघून जातात, पण वायूचे ढग आदळतात, तापतात, ती उष्णता प्रारणाने बाहेर टाकतात आणि ऊर्जा कायमची गमावतात. जोशुआ बार्न्स आणि लार्स हर्नक्विस्ट यांच्या १९९० च्या दशकातल्या संगणकीय प्रारूपांत ही प्रक्रिया स्पष्ट दिसली. जवळून गेलेल्या दीर्घिकेच्या ओढीने चकतीत ताऱ्यांचा दांडा तयार होतो. वायूचाही होतो, पण तो ताऱ्यांच्या दांड्याच्या किंचित पुढे धावतो. मागचे तारे त्याला सतत मागे खेचतात, वायू आपला कोनीय संवेग ताऱ्यांना देऊन टाकतो आणि केंद्राकडे कोसळतो. चकतीभर पसरलेला वायू शेवटी मधल्या काहीशे प्रकाशवर्षांत येऊन साचतो आणि तिथे ताऱ्यांच्या जन्माचा स्फोट होतो. सुमारे २५ कोटी प्रकाशवर्षांवरची आर्प २२० ही दीर्घिका या अवस्थेची जवळची साक्षीदार आहे. धुळीच्या आड लपलेले तिचे दोन गाभे अजून एक व्हायचे आहेत, पण धूळ भेदणाऱ्या अवरक्त प्रकाशात पाहिलं तर एकूण आराखडा आत्ताच लंबवर्तुळाकार दीर्घिकेसारखा दिसतो.

अशा वायूतून बनलेले नवे तारे जुन्या ताऱ्यांच्या वर एक वेगळा थर होऊन बसतात. क्रिस मिहोस आणि हर्नक्विस्ट यांनी १९९४ मध्ये भाकीत केलं की या अवशेषांच्या केंद्रात नेहमीच्या आलेखापेक्षा जास्तीचा प्रकाश दिसेल. जॉन कॉर्मेंडी आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये कन्या दीर्घिकासमूहातल्या लंबवर्तुळाकार दीर्घिकांचे प्रकाश-आलेख केंद्रापासून काठापर्यंत जोडून दाखवले, तेव्हा दोन गट अगदी वेगळे उठून दिसले. मध्यम आणि कमी तेजाच्या दीर्घिकांच्या केंद्रात हा जास्तीचा प्रकाश आहे. सर्वांत तेजस्वी दीर्घिकांमध्ये उलट आहे: बाहेरचा आलेख आतपर्यंत वाढवला, तर जेवढा प्रकाश असायला हवा त्यापेक्षा केंद्रात तो कमी भरतो. अतिरेक आणि तूट, अशी सरळ विभागणी.

तुटीकडे येतोच. आधी फिरण्याबद्दल, कारण तो या कथेचा दुसरा धागा आहे.

लंबवर्तुळाकार दीर्घिका चपट्या का, तर त्या फिरतात म्हणून, असं पूर्वी गृहीत धरलं जाई. बेर्तोला आणि कापाच्योली यांनी १९७५ मध्ये एनजीसी ४६९७ चा वेग मोजला. तो अपेक्षेपेक्षा बराच कमी निघाला. १९७७ मध्ये इलिंगवर्थ यांनी आणखी डझनभर दीर्घिका मोजून तेच दाखवलं. मोठ्या दीर्घिका चपट्या दिसतात, कारण त्यांच्यातल्या ताऱ्यांचे यादृच्छिक वेग सर्व दिशांना सारखे नसतात. १९८३ मध्ये मात्र डेव्हिस आणि सहकाऱ्यांना कमी तेजाच्या दीर्घिका चांगल्या फिरताना सापडल्या. पुढे पूर्ण प्रतिमेतल्या प्रत्येक बिंदूचा वर्णपट घेणारी उपकरणं आली आणि ॲटलस-थ्रीडी प्रकल्पात आपल्या शेजारच्या २६० लंबवर्तुळाकार आणि भिंगाकृती (चकती असलेल्या, पण सर्पिल बाहू नसलेल्या) दीर्घिका तपासल्या गेल्या. त्यांपैकी ८६ टक्के नीट फिरणाऱ्या निघाल्या, संथ फक्त १४ टक्के. ज्यांना डोळ्यांनी पाहून लंबवर्तुळाकार म्हटलं होतं, त्यांतल्याही दोन तृतीयांश वेगाने फिरणाऱ्या होत्या. छायाचित्रावरून केलेलं वर्गीकरण किती फसवं असतं, हे यातून दिसतं. चकती समोरून पाहिली की ती गोलच दिसणार.

याचा विलीनीकरणाशी संबंध असा. वायू भरपूर असेल तर त्यातला काही भाग आत कोसळून ताऱ्यांचा स्फोट घडवतो आणि उरलेला पुन्हा चकतीत स्थिरावतो. अवशेष फिरतो, समप्रकाश वक्र टोकांशी निमुळते होतात. वायू नसलेल्या, म्हणजे कोरड्या, समसमान वस्तुमानाच्या विलीनीकरणातून संथ फिरणारी, चौकोनाकडे झुकलेल्या वक्रांची आणि तिन्ही अक्ष असमान असलेली दीर्घिका मिळते. काहींच्या केंद्रातला भाग बाहेरच्या भागापेक्षा निराळ्या दिशेने फिरतो. एनजीसी ५८१३ मध्ये हे १९८२ मध्येच लक्षात आलं होतं. वस्तुमानाचं गुणोत्तरही महत्त्वाचं आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या चंदा जोग आणि अपर्णा चित्रे यांनी २००२ मध्ये विलीनीकरणाच्या शेवटच्या टप्प्यातल्या दीर्घिकांचे अवरक्त आलेख तपासले. त्यांना असा एक गट सापडला, ज्यात प्रकाशाचा उतार चकतीसारखा आहे, पण ताऱ्यांची चाल लंबवर्तुळाकार दीर्घिकेसारखी अस्ताव्यस्त आहे. नंतर फ्रेडरिक बूर्नो आणि फ्रान्स्वाज काँब यांच्यासोबत केलेल्या प्रारूपांतून कारण कळलं: चारास एक ते दहास एक गुणोत्तराच्या टकरी असे मिश्र अवशेष देतात. "मोठं विलीनीकरण" आणि "छोटं विलीनीकरण" या दोन कप्प्यांच्या मधला हा पट्टा फार दुर्लक्षित होता, म्हणून हे काम मला विशेष मोलाचं वाटतं.

आता तूट. दोन मोठ्या दीर्घिका मिसळतात, तेव्हा दोघींची महाकाय कृष्णविवरंही केंद्राकडे बुडतात आणि एकमेकांभोवती फिरू लागतात. हे १९८० मध्ये बेगेलमन, ब्लँडफर्ड आणि रीस यांनी मांडलं. या जोडीच्या जवळ आलेला प्रत्येक तारा गोफणीतून सुटल्यासारखा बाहेर फेकला जातो. त्याने नेलेल्या ऊर्जेच्या बदल्यात जोडी आणखी आवळते. गणित असं सांगतं की एका विलीनीकरणात साधारणपणे कृष्णविवरांच्या एकत्रित वस्तुमानाच्या निम्म्याएवढे तारे केंद्रातून निघून जातात. म्हणून तूट मोजली, की किती कोरडी विलीनीकरणं झाली याचा ढोबळ अंदाज येतो. वायू असता तर त्यातून नवे तारे बनून तो खड्डा भरून निघाला असता. खड्डा अजून आहे, याचाच अर्थ शेवटचं विलीनीकरण कोरडं होतं.

एनजीसी १६०० हे याचं ठळक उदाहरण. २०१६ मध्ये तिच्या केंद्रात सुमारे १७ अब्ज सूर्यांएवढं कृष्णविवर असल्याचं जाहीर झालं. ती कुठल्या दाट दीर्घिकासमूहात नाही, एका साध्या छोट्या गटात आहे, म्हणून सगळ्यांना आश्चर्य वाटलं. तिचा गाभा मंद आणि सपाट आहे, आणि अशा गाभ्यांत ताऱ्यांच्या कक्षा जास्त करून वर्तुळाकाराकडे झुकलेल्या आढळतात. अपेक्षितच आहे: लांबट कक्षांवर केंद्राजवळ येणारे तारे कधीच फेकले गेले. उरले ते दुरून फिरणारे.

या जोड्यांचा पुरावा आता दुसऱ्या वाटेनेही येऊ लागला आहे, आणि त्यात आपल्याकडच्या दुर्बिणीचा वाटा आहे. नारायणगावजवळ खोडद इथल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीने भारतीय पल्सार टायमिंग ॲरे या प्रकल्पासाठी वर्षानुवर्षं पल्सारांच्या (घड्याळासारखे नियमित रेडिओ ठोके देणाऱ्या, फिरणाऱ्या मृत ताऱ्यांच्या) ठोक्यांच्या नोंदी घेतल्या. युरोपीय गटासोबत त्या वापरून जून २०२३ मध्ये अतिशय संथ गुरुत्वीय लहरींच्या पार्श्वभूमीची चिन्हं जाहीर झाली. त्याच वेळी इतर देशांच्या गटांनीही तशीच चिन्हं नोंदवली. महाकाय कृष्णविवरांच्या जोड्यांकडून अशाच लहरी अपेक्षित आहेत. उगम तोच आहे हे अजून पक्कं व्हायचं आहे. झालं, तर लंबवर्तुळाकार दीर्घिकांचे गाभे पोखरले गेले त्या प्रक्रियेचा तो थेट आवाज ठरेल.

आता तुमच्या प्रश्नातल्या "दोन सर्पिल" या भागाकडे. सर्वांत मोठ्या लंबवर्तुळाकार दीर्घिकांना हे वर्णन लागू पडत नाही. त्यांच्या ताऱ्यांत लोखंडाच्या तुलनेत मॅग्नेशियम जास्त आहे. मॅग्नेशियम मोठ्या ताऱ्यांच्या स्फोटांतून लगेच मिळतं, तर बरंचसं लोखंड पांढऱ्या बटूंच्या स्फोटांतून, बऱ्याच विलंबाने. म्हणजे या दीर्घिकांतले बहुतेक तारे लोखंड जमायच्या आतच, फार लवकर आणि फार भरभर बनले. आजच्या सर्पिल दीर्घिका निवांतपणे तारे बनवत आल्या आहेत. त्या मिसळून हे रासायनिक प्रमाण मिळणार नाही. आपली आकाशगंगा आणि देवयानी पुढे कधी एक झाल्या, तरी (२०२५ च्या एका विश्लेषणानुसार येत्या १० अब्ज वर्षांत याची शक्यता जवळपास निम्मी आहे) त्यातून एम८७ सारखी (कन्या समूहातली महाकाय लंबवर्तुळाकार दीर्घिका) तयार होणार नाही.

मग या महाकाय दीर्घिका आल्या कुठून? २००५ पासून दूरच्या विश्वात, म्हणजे सुमारे १० अब्ज वर्षांपूर्वीच्या काळात, अशा दीर्घिका सापडू लागल्या की त्यांचं वस्तुमान आजच्या महाकाय लंबवर्तुळाकारांएवढं, पण त्रिज्या तीन ते पाच पटींनी कमी. मधल्या काळात त्या फुगल्या कशा, याचं गणित साधं आहे आणि प्रत्येक विद्यार्थ्याने ते एकदा स्वतः करावं. दोन सारख्या कोरड्या दीर्घिका मिसळल्या तर ऊर्जेच्या हिशोबात वस्तुमान दुप्पट, ताऱ्यांच्या वेगांची पसरण तेवढीच, त्रिज्याही दुप्पट होते. आता तेवढंच वस्तुमान अनेक चिमुकल्या, सैल बांधलेल्या दीर्घिकांच्या रूपाने टाका. वस्तुमान दुप्पट, पण पसरणीचा वर्ग निम्मा होतो आणि त्रिज्या चौपट. सरासरी घनता पहिल्या वाटेने एक चतुर्थांश होते, दुसऱ्या वाटेने बत्तिसाव्या भागावर येते. थोर्स्टेन नाब आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये हा युक्तिवाद प्रारूपांतून तपासला. छोट्या दीर्घिका बाहेरच फाटतात आणि आपले तारे बाहेरच्या भागात पसरवतात, म्हणून आतला दाट गाभा जवळपास तसाच राहतो. अशा दीर्घिकांचं आतलं जुनं बीज वायूतून बनलेलं आहे आणि बाहेरचा विस्तार इतरांकडून मिळवलेला.

या चित्राची एक छान कसोटी ययाति दीर्घिकासमूहातली एनजीसी १२७७ आहे. ती त्या जुन्या दाट बीजाच्या अवस्थेतच राहून गेलेली दिसते. मोठ्या दीर्घिकांभोवती सहसा लाल आणि निळसर असे दोन प्रकारचे गोलाकार तारकागुच्छ असतात. निळसर गुच्छ बरेचसे गिळलेल्या छोट्या दीर्घिकांकडून आलेले असतात. २०१८ मध्ये एनजीसी १२७७ भोवती मोजणी झाली, तेव्हा जवळपास सगळे लालच निघाले. हिने फारसं काही गिळलेलंच नाही.

बाहेर पसरलेल्या ताऱ्यांची खूण कधी प्रत्यक्ष दिसतेही. मालिन आणि कार्टर यांनी १९८० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या छायाचित्रांवर खास प्रक्रिया करून एनजीसी ३९२३ भोवतीची अतिमंद कवचं दाखवली. तिच्यात अशी वीसहून अधिक कवचं आहेत. छोटी दीर्घिका जवळजवळ सरळ केंद्राच्या दिशेने आत आली, की तिचे तारे केंद्रातून आरपार पुढे-मागे डोलत राहतात. झोका टोकाला क्षणभर थांबतो, तसे तारे आपल्या कक्षेच्या टोकाशी सर्वांत संथ असतात, म्हणून तिथे त्यांची गर्दी दिसते. वेगवेगळ्या ऊर्जेच्या ताऱ्यांची टोकं वेगवेगळ्या अंतरांवर असतात. म्हणून कवचं एकाआड एक दोन्ही बाजूंना येतात.

हे काम स्वतः करायचं असेल, तर दोन-तीन गोष्टी सांभाळा. पहिली, आकाशाची पार्श्वभूमी. दीर्घिकेचा जो बाहेरचा भाग तुम्हाला हवा असतो, तो काळोख्या रात्रीच्या आकाशाच्या शंभराव्या भागाइतकाच उजळ असतो. पार्श्वभूमी वजा करताना झालेली एक टक्क्याची चूक तो अख्खा भाग पुसून टाकते किंवा खोटा प्रभामंडळ उभा करते. मी कुठलाही सेर्सिक निर्देशांक (प्रकाश केंद्रापासून बाहेर कसा मंदावतो ते सांगणारा आकडा) वाचताना आधी पार्श्वभूमी कशी मोजली ते पाहतो. दुसरी, दीर्घिकेला नितळ लंबवर्तुळांचं प्रारूप जोडा, ते प्रतिमेतून वजा करा आणि उरलेलं नीट पाहा. कवचं, धुळीचे पट्टे, आत लपलेली चकती, सगळं त्या अवशिष्ट प्रतिमेत सापडतं. तिसरी, एका खुणेवर निष्कर्ष काढू नका. कवच दिसलं म्हणजे मोठं विलीनीकरण झालं असं नाही. बहुतेक वेळा तो छोट्या दीर्घिकेचा मामला असतो आणि आतला गाभा त्याने ढवळलेलाही नसतो. गाभ्याचा आलेख, फिरणं आणि रासायनिक प्रमाण या तिन्ही गोष्टी एकाच इतिहासाकडे बोट दाखवत असतील, तरच मी तो लिहून टाकतो.

काही वेळा प्रतिमा पुरेशी नसतेच. एम८७ वर कित्येक दशकं काम झालेलं आहे. तरी तिने गेल्या अब्जभर वर्षांत एक मध्यम आकाराची दीर्घिका गिळल्याचं २०१५ मध्ये कळलं, ते तिच्या बाहेरच्या भागातल्या सुमारे ३०० ग्रहीय तेजोमेघांचे (मरणाऱ्या ताऱ्यांनी बाहेर टाकलेल्या चमकत्या वायूच्या कवचांचे) वेग एकेक करून मोजल्यावर. स्थान आणि वेग यांच्या आलेखात त्या परक्या ताऱ्यांची रांग वेगळी उमटली. एरवी ते एम८७ च्या ताऱ्यांत पूर्ण मिसळून गेलेले होते.